संस्कृति-अभ्यास आणि जासईचे शब्द

भारतातील इंग्रजी साहित्याचे अध्यापन वसाहतीच्या राज्यकारभाराशी किती निगडित होते, याची साधार चिकित्सा गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात केली. त्यानंतर इंग्रजी विभागांना आपल्या अध्ययनविषयाचे समर्थन नव्याने करणे भाग पडले. त्यासाठी ज्या वाटा चोखाळण्यात आल्या, त्यांपैकी संस्कृति-अभ्यास ही एक प्रमुख वाट होय. ही वाट इंग्रजीच्या विद्यार्थ्याला त्याच्या परिसरापर्यंत आणून पोहोचवते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

या ज्ञानशाखेचे मूळ पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ साली बर्मिंगहॅम येथे अभ्यासकेंद्र स्थापन केले, त्यापूर्वी ते हल येथे प्रौढशिक्षणाचे वर्ग चालवीत असत. रेमंड विल्यम्स हेही १९४६ पासून १९६१ पर्यंत ऑक्सफर्डच्या प्रौढशिक्षण विभागात शिकवीत होते. कामगार वस्तीतील विद्यार्थी समोर बसला असता ‘संस्कृती’ या शब्दाचा रूढ अर्थ अपुरा पडतो, या अनुभवातून ही शाखा वाढली. विल्यम्स यांचा ‘कीवर्ड्स’ (१९७६) हा ग्रंथ त्याच अनुभवाचे फलित आहे. शब्दाचा अर्थ कोशात स्थिर नसतो. तो समाजातील झगड्यातून घडतो आणि बदलतो, हे त्याचे सूत्र.

हे सूत्र आपल्याकडे शिकविले जाते. परंतु उदाहरणे मात्र बहुधा इंग्रजीच राहतात. त्यामुळे पद्धतीचे अनुकरण होते, पद्धतीचा उपयोग होत नाही. हा आक्षेप जासईच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

उरण तालुक्यातील जासई हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या शहरासाठी या पट्ट्यातील शेते व मिठागरे संपादित होऊ लागली. योग्य मोबदल्याच्या मागणीसाठी १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचा बळी घेतला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास परिचित आहे. त्याच्या शब्दांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द घ्यावा. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. खग्रास ग्रहणातील ‘ग्रास’ तोच. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत हा समास बसविला की माणसांनी घेतलेला निर्णय नैसर्गिक आपत्तीच्या पंक्तीला जाऊन बसतो. कर्ता नाहीसा होतो आणि गिळला गेलेला तेवढा उरतो. प्रशासनाची इंग्रजी याहून पुढे गेली. तिने त्या माणसाची ‘पी.ए.पी.’ ही तीन अक्षरे केली. परंतु अर्थाची वाटचाल येथेच थांबली नाही. आंदोलनाने हाच शब्द दाव्याचा शब्द केला. ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणून दाखला मागता येऊ लागला, हक्क सांगता येऊ लागला. दैन्यवाचक विशेषण अधिकारवाचक नाम झाले. ‘साडेबारा टक्के’ या अपूर्णांकाचेही तसेच. तो आता हिशेबाचा आकडा राहिला नसून एका मागणीचे नाव झाला आहे. विल्यम्स यांना अभिप्रेत असलेला अर्थबदल याहून स्पष्ट कोठे दिसणार?

याहून मूलगामी प्रश्न ‘कल्चर’ या संज्ञेचाच आहे. तिच्या मुळाशी मशागत आहे. ‘संस्कृती’च्या मुळाशी संस्कार आहे. मराठी पर्याय वापरताच शेत निसटते आणि परिष्कार उरतो. जासईच्या परिसरात मात्र शेत हाच वादाचा विषय होता. मिठाच्या आणि पिकाच्या जमिनीला ‘आगर’ म्हणतात व त्यावरून तेथील समाजाला आगरी हे नाव पडले. येथे जमीन, धंदा आणि समाजाची ओळख एकाच शब्दात नांदतात. विल्यम्स यांनी प्रयासाने जुळविलेला संबंध हा शब्द सहज बाळगून आहे.

येथे दोष केवळ इंग्रजी विभागांच्या पदरी टाकणे न्याय्य होणार नाही. आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘काळा’चे ‘काला’ होते. ही नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. तिला ‘अशुद्ध’ ठरविण्याचे काम प्रमाण मराठीच्या शिक्षणाने केले. म्हणजे या परिसरातून मुंबई विद्यापीठात येणारा विद्यार्थी प्रथम मराठीच्या वर्गात आपली बोली गिळतो आणि नंतर इंग्रजीच्या वर्गात मराठी. तिसऱ्या पायरीवर त्याला ‘उपेक्षितांचा आवाज’ हा विषय शिकविला जातो, तेव्हा त्यातील विसंगती त्याच्या ध्यानात आली नाही तरच नवल.

इंग्रजीमुळे अभ्यासकाला तुलनेची दृष्टी मिळते, हे मान्य केलेच पाहिजे. वेल्समधील सीमाभागात वाढलेल्या विल्यम्स यांचे लेखन जासईच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाकडे दुरून पाहावयास शिकवू शकते. मात्र दुरून पाहिल्यावर परत जवळ येण्याची सोय अभ्यासक्रमात हवी. पदव्युत्तर प्रबंधिकेत मराठी व बोलीतील साधनसामग्री मूळ रूपात स्वीकारली जावी, तिचे परीक्षण दोन्ही विभागांनी मिळून करावे आणि शब्दांच्या अर्थेतिहासाला सिद्धान्ताच्या विवरणाइतकेच गुण असावेत, एवढ्या बदलानेही पुष्कळ साधेल. अन्यथा ‘कीवर्ड्स’ पाठ झालेला विद्यार्थी ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाजवळून न थांबता निघून जाईल. आणि तो शब्द त्याच्या घरच्या दाखल्यावर छापलेला असेल.