ॲलन व्हिलियर्स: दोन पुस्तकं, दोन बातमीदार

सागरी इतिहास म्हटला की आपले पाय आधी दफ्तरखान्याकडे वळतात. ॲलन व्हिलियर्स (१९०३–१९८२) आधी जहाजावर चढला. मेलबर्नचा हा पोरगा पंधराव्या वर्षी शिडाच्या जहाजावर गेला, जखमी होऊन किनाऱ्याला लागला आणि टास्मानियात होबार्टच्या 'मर्क्युरी' दैनिकात बातमीदार झाला. १९२३ साली रॉस समुद्राकडे निघालेल्या नॉर्वेजियन व्हेलशिकारी जहाजावर गेला, त्यातून पहिलं पुस्तक आलं. पुढे 'जोसेफ कॉनराड' घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा, १९५७ साली 'मेफ्लॉवर दुसरी'चं कप्तानपद वगैरे. चाहते यातच रमतात. मला मात्र त्याची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

पहिलं 'सन्स ऑफ सिंदबाद' (१९४०). १९३८ च्या अखेरीस एडनला तो 'बयान' या कुवेती गलबतावर चढला. नाखुदा होता अली नज्दी. (आपला 'नाखवा' तो हाच.) सोमाली किनारा, झांझिबार, रुफिजी नदीच्या मुखाशी कांदळवनाचे वासे भरणं आणि वारा फिरल्यावर परत कुवेत. वर्णनं सुरेख आहेतच. पण पुस्तकाची खरी ताकद निराळी. कोण कोणाचं देणं लागतो, हे व्हिलियर्स विचारतो. सफरीच्या नफ्यातला खलाशाचा हिस्सा, आधी घेतलेली उचल, मोती काढणाऱ्या पाणबुड्याच्या मानेवरचं न फिटणारं कर्ज, हे सगळं पानांत उतरतं. बंदराच्या जकातवहीत हे सापडायचं नाही. पुढे हे पुस्तक अरबीतही गेलं, ही मोठीच पावती.

दुसरं 'द क्वेस्ट ऑफ द स्कूनर आर्गस' (१९५१). १९५० साली तो पोर्तुगीज कॉडमाऱ्यांबरोबर न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या पाण्यात गेला. एका होडीत एकच माणूस, गळाची दोरी, भोवती धुकं. होडी भरून आणायची आणि मग जहाजावर मासा चिरून मीठ लावत बसायचं. पकड तीच, नजर तीच. फक्त देण्याघेण्याचा प्रश्न इथे बोथट झालाय. संपाला कायद्यानेच बंदी होती, आणि ठरावीक हंगाम कॉडवर गेलं तर सैन्यातली सक्तीची नोकरी माफ होती. मग ही माणसं समुद्रावर निव्वळ परंपरेपोटी जात होती काय? व्हिलियर्सचा कौतुकाचा सूर काही सुटत नाही. 'बयान'वर नाखुद्याची मर्जी सांभाळली की भागत होतं. इथे तो सालाझारच्या राजवटीचा पाहुणा होता, आणि कॉडचा ताफा त्या राजवटीच्या मिरवण्याची वस्तू होती. पुढे पोर्तुगालने त्याला किताबही दिला.

गोव्यात बसून हे वाचताना खटकतंच. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना शिक्षा ठोठावून याच राजवटीने पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबलं. पेनिश म्हणजे मच्छीमारांचंच गाव! आणि व्हिलियर्सला आपली बाजू अगदीच परकी होती असंही नाही. १९५२ साली 'मॉन्सून सीज' लिहून त्याने सबंध हिंदी महासागराचा इतिहास मांडला.

तरी 'आर्गस' टाकू नका. होडी जहाजावरून सोडायची कशी, परत वर घ्यायची कशी, दिवस कसा मोजायचा, असा तपशील आपल्या मचव्यांबद्दल, फत्तेमाऱ्यांबद्दल कुणी लिहून ठेवलेला मला अजून वाचायचाय.