विधी आयोगाचा अहवाल आणि विधिमंडळाची दिरंगाई

कालबाह्य कायद्यांचे पुनरावलोकन करणाऱ्या राज्य विधी आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात, ही या व्यवस्थेची मूलभूत मर्यादा होय. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा याचे ठळक उदाहरण ठरतो. 1940 चे भाडे प्रमाण मानणाऱ्या या कायद्यात सुधारणा सुचविणारा अहवाल महाराष्ट्र राज्य विधी आयोगाने 1979 मध्ये दिला. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्यानंतरच नवा कायदा झाला; 31 मार्च 2000 पासून वार्षिक 4 टक्के भाडेवाढ मान्य झाली. दरम्यान गोठलेल्या भाड्यामुळे रखडलेल्या दुरुस्तीची झळ घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या चाळींतील भाडेकरूंनाही बसली. म्हणून आयोगाच्या अहवालावर विहित मुदतीत विधिमंडळात निर्णय होणे अनिवार्य करावे. अन्यथा कायद्याचे आधुनिकीकरण न्यायालयाच्या ताशेऱ्यांवरच विसंबून राहील.