ॲटॉमिक फॉरेस्ट : बँड संपला, मग रेकॉर्ड आली

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी आणि भाजलेल्या कणसांच्या धुरात कानात इअरफोन घालून मी 'ॲटॉमिक फॉरेस्ट' ऐकत असतो. सत्तरच्या दशकातला मुंबईचा रॉक बँड. कीथ कांगा आणि मंडळी. त्यांच्या अल्बमचं नाव 'ऑब्सेशन ७७', पण तो बाजारात आला १९८१ मध्ये. तोवर बँडच उरला नव्हता. आमच्या धंद्यात याला म्हणतात, टीम फुटल्यावर रिलीज.

काळ मात्र झकास होता. कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा डिस्को होता आणि १९७२ मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट तिथे चक्क वाजवून गेले होते. म्हणजे जग अगदी दारात येऊन उभं. आणि आपली पोरं काय वाजवत होती? जगाचीच गाणी.

अल्बमची हीच गोची आहे. हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी', डीप पर्पलचं 'मेरी लाँग', 'गॉडफादर'ची धून. वाजवलंय नेटकं, पण ऐकताना मूळ गाणं आठवत राहतं, आणि कव्हरमध्ये मूळ गाणं आठवायला लागलं की खेळ संपला. मग शीर्षकाचा तुकडा लागतो. त्यात गाणारा नाही, गिटार आणि बास एकमेकांना ढकलत पुढे नेतात. इथे पहिल्यांदा वाटतं, हे या पोरांचंच आहे. पण एवढंच. २०११ मध्ये 'नाऊ-अगेन' या अमेरिकन कंपनीने त्यांचं संगीत पुन्हा काढलं. आपण मात्र चाळीस वर्षं त्यांना विसरून होतो.

शब्दांचं काय, हा प्रश्न मला छळतो. त्याच मुंबईत 'वेल्व्हेट फॉग' बँडमध्ये गाणारा नंदू भेंडे होता, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जुडास झाला. आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश. पुलंचे शब्द, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि रॉक गायलेला गळा मराठीत. माझ्या मते ॲटॉमिक फॉरेस्टला जे जमलं नाही, ते टिळक रोडच्या नाटकवाल्यांच्या संगतीत भेंड्यांना जमलं. हे मत थोडं अन्यायाचं आहे, मान्य. रोज रात्री हॉटेलात लोकांच्या फर्माइशी वाजवून पोट भरणाऱ्याला 'स्वतःचं लिही' म्हणणं सोपं असतं.

इंजिनिअरिंगला आमचाही बँड होता. लिंकिन पार्क आणि मेटालिका वाजवायचो. प्लेसमेंटनंतर ड्रमर बंगळुरूला गेला, बासवाला ऑनसाइट.

फोनमध्ये एक डेमो उरलाय, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. चाल आहे, ड्रम्स आहेत, शब्दांच्या जागी मी अजून 'ला ला ला' करतोय. परवा ड्रमरला पाठवला. त्याचा रिप्लाय आला : "भावा, इंग्लिशमध्ये लिही ना, लवकर होईल."