चित्रातले जहाज आणि पाण्यातले जहाज

आम्ही बुलढाण्याची घाटावरची माणसे. समुद्र आमच्या वाट्याला आला तो भूगोलाच्या पुस्तकातून आणि अजिंठ्याच्या भिंतीवरून. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी अजिंठ्याला गेलो होतो. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले ते शिडांचे, रांजणांनी भरलेले जहाज पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे पाण्यात तरंगेल का?" मी दटावले, "अरे, ते चित्र आहे!" आज वाटते, दटावायला नको होते. प्रश्न खऱ्या टीकाकाराचा होता.

कारण अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्राच्या आधारे गोव्यात 'कौंडिण्य' नावाचे शिडाचे जहाज बांधले गेले. बांधणारे हात केरळच्या कारागिरांचे. त्यांचे प्रमुख बाबू शंकरन. इंजिन नाही, फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवलेली, सांधे राळेने बुजवलेले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. मुलाला उत्तर मिळाले.

परंतु कौतुकाच्या भरात विवेक सुटू नये. हे प्राचीन जहाज 'जसेच्या तसे' आहे, असे कोणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. चित्रकाराने जहाजाची एक बाजू रंगवली, तळ दाखवला नाही. त्या काळचा आराखडाही उरलेला नाही. राहिलेल्या जागा बांधणाऱ्यांनी तर्काने, अनुभवाने आणि मद्रासच्या आय. आय. टी.च्या शास्त्रज्ञांच्या मदतीने भरल्या. म्हणजे ही मूळ संहिता नव्हे, तिच्यावरचे भाष्य होय. मात्र या भाष्याची परीक्षा पंडितांनी नव्हे, समुद्राने घेतली!

याउलट उदाहरण 'ट्रिंकोमाली'चे. ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली आणि १८१७ साली पाण्यात सोडली. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. परक्यांनी आपल्या सागवानाची राखलेली ही बूज पाहून मन भरून येते, थोडे ओशाळतेही. पण ती आता शिडे भरून समुद्रावर जात नाही. तिचे लाकूड जुने आहे, प्रवास थांबला आहे. 'कौंडिण्य'चे लाकूड नवे, प्रवास जुना.

मग खरे जतन कोणते? आमच्या शेगावची पालखी दर आषाढीला पंढरपूरला पायी जाते. चालणारी माणसे बदलतात, वारी तीच राहते. पालखी देव्हाऱ्यात ठेवून तिची नुसती पूजा केली, तर पालखी उरेल, वारी उरणार नाही. जहाजाचेही तसेच. लाकूड जपणे हे कर्तव्य खरे. परंतु काथ्याची शिवण कुजते, ती पुन्हा घालावी लागते, आणि ती घालणारा हात पुस्तक वाचून तयार होत नाही. तो उस्तादाशेजारी बसूनच तयार होतो.

म्हणून मस्कतच्या सत्कारापेक्षा मला एकाच गोष्टीची काळजी आहे. 'कौंडिण्य' धक्क्याला बांधून प्रेक्षणीय वस्तू करू नये. त्याने पुनःपुन्हा निघावे, उसवावे, पुन्हा शिवले जावे. आणि दरवेळी शिवणाऱ्यांत एखादा नवा पोरगा असावा.

पुढच्या सहलीत कोणी तोच प्रश्न विचारला, तर मी दटावणार नाही. म्हणेन, "तरंगते रे बाळ. आता तू शिवायला शीक."