‘वर’ आणि ‘ने’ : संगणकाच्या पंख्यांचा नियंत्रक व मराठी परिभाषा

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तेथे देवळाइतकाच वेळ शिवारातील रोहित्रापाशीही काढावा. ‘रोहित्र’ हा शब्द वीजकचेरीच्या कागदावरचा. शिवारात त्यास ‘डीपी’ म्हणतात, आणि ती निकामी झाली म्हणजे मराठवाड्यातील शेतकरी कारणही एका वाक्यात सांगतो : ‘डीपीवर मोटारी लई झाल्या, म्हणून जळाली.’ परिभाषेच्या टीकाकारांचे लक्ष अशा वाक्यातील ‘डीपी’ आणि ‘मोटार’ ह्या दोन परक्या नामांकडे जाते. वास्तविक त्यातील विचार वाहणारा शब्द तिसराच आहे. तो म्हणजे ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय.

मराठी परिभाषेचा वाद आजवर प्रामुख्याने नामांचा वाद राहिला आहे. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने अरबी-फारसीतून शास्त्रीय संज्ञा घडविल्या. सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी संस्कृताकडे पाहिले. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला आणि पुढे शास्त्रवार परिभाषा कोश सिद्ध झाले. ह्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु इंग्रजी नामाच्या समोर मराठी नाम मांडले की परिभाषा सिद्ध झाली, ही समजूत त्यातूनच रूढ झाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्यास मुभा दिल्यानंतर ह्या समजुतीची परीक्षा होणे अटळ आहे. विद्यार्थ्यास कोश वाचावयाचा नसतो. त्यास तारा जोडावयाच्या असतात. त्यासाठी एक लहानसे उदाहरण पुरेसे आहे : संगणकाच्या पेटीतील अनेक पंखे चालविणारा, हाताने घडविलेला नियंत्रक.

परभणीच्या उन्हाळ्यात खोलीतील हवाच ४२ अंशांवर असेल, तर पंखे कितीही लावले तरी पेटीतील हवा त्याखाली जाणार नाही. त्यांचे काम आतील उष्णता बाहेर लोटण्याचे. एकच पंखा वेगाने फिरविण्यापेक्षा अनेक पंखे सावकाश फिरविणे हितावह ठरते, ह्याचे कारण गणिती आहे. वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, परंतु लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दुसरा तसाच पंखा जोडल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे अडथळा नसलेल्या हवेत तेवढाच वारा पुष्कळच शांतपणे मिळतो. पंख्यांची संख्या अशी वाढते, आणि तिच्याबरोबर अडचणही वाढते. १२ व्होल्टचा एक पंखा ०.२५ अँपिअर घेत असेल तर सहा पंखे दीड अँपिअर घेतील. मदरबोर्डावरील पंख्याच्या एका जोडणीची मर्यादा मात्र सामान्यतः १ अँपिअर असते. सहाही पंखे तिच्यावर लादले तर जळण्याचा धोका बोर्डाला.

ह्यावरील उपाय चार तारांच्या पंख्याच्या रचनेतच आहे. काळी तार परतीची, पिवळी १२ व्होल्टच्या पुरवठ्याची, हिरवी फेरे कळविणारी आणि निळी हुकमाची. निळ्या तारेतून पंख्यास वीज पुरविली जात नाही. तिच्यातून सेकंदाला सुमारे २५,००० स्पंद जातात, आणि प्रत्येक स्पंदाचा किती भाग ‘चालू’ आहे एवढ्यावरून पंखा आपला वेग ठरवितो. ४० टक्क्यांचा हुकूम म्हणजे ४० मायक्रोसेकंदांपैकी १६ चालू. तेव्हा पिवळ्या तारा थेट वीजपुरवठा करणाऱ्या डब्यास जोडाव्यात, निळ्या तारा नियंत्रकाकडे न्याव्यात, आणि दोहोंची परतीची तार एक ठेवावी. शून्य कोठे आहे ह्याविषयी दोघांचे एकमत नसेल तर हुकूम हुकूम राहत नाही. नियंत्रक म्हणून आर्डुइनो वापरल्यास त्याच्या एका टोकातून ४० मिलिअँपिअर ही परमावधी मर्यादा आहे. त्यातून एकही पंखा चालणार नाही. परंतु सहांना हुकूम देता येतो.

आता ही रचना परिभाषेच्या मराठीत कशी सांगितली जाते ते पाहावे. ‘पंखे नियंत्रकास जोडावेत.’ वाक्य शुद्ध आहे, घातकही आहे. ‘जोडणे’ हे क्रियापद वीज कोठून घ्यावयाची आणि आज्ञा कोठून, ह्याविषयी मौन पाळते. ‘नियंत्रक’ ह्या शब्दाने हे मौन अधिक गडद होते. परीक्षा नियंत्रक, शिधावाटप नियंत्रक ह्या पदनामांतून मराठी वाचकास तो परिचित आहे, आणि तेथे त्याचा अर्थ नेमका आहे : शिधावाटप नियंत्रकाच्या घरात धान्याची कोठी नसते, तो केवळ हुकूम देतो. निळ्या तारेच्या कामास इतका समर्पक शब्द शोधूनही सापडावयाचा नाही. दोष शब्दाचा नसून, पुरविणारा आणि हुकूम देणारा अशा दोघांनाही तो सरसकट लावण्याचा आहे. अर्थात इंग्रजीतही हाच घोटाळा आहे; आपण नामाबरोबर तोही उचलला.

बोलीने हा भेद विजेच्या पूर्वीच केला होता. ‘ह्या विहिरीवर पाच एकर भिजते’, ‘बापाच्या जिवावर उड्या मारतो’, ‘रेडिओ सेलवर चालतो’ : ज्याच्या आधाराने आणि ज्याला झीज लावून एखादी गोष्ट चालते, त्यास मराठी ‘वर’ लावते. ‘डीपीवर मोटारी’ ही ह्याच कुळातील. उलट ‘साहेबांच्या हुकमाने’, ‘धन्याच्या इशाऱ्याने’ येथे झीज कोणासच लागत नाही. तेथे तृतीयेचा ‘ने’. तेव्हा ‘पंखे डब्यावर चालतील, बोर्डाच्या हुकमाने फिरतील’ एवढे म्हटले की कोणती तार कोठे जाईल हे निराळे सांगण्याची गरज बहुतांशी उरत नाही.

हा भेद पूर्वी पंख्याच्या बाबतीत लागला नव्हता, कारण विंझणा घालणाऱ्याच्या एकाच हातात बळ आणि मर्जी दोन्ही असत. पुढे छताचा पंखा आला तरी भिंतीवरील रेग्युलेटर विजेच्या वाटेतच बसविलेला होता. जुन्या धाटणीचा रेग्युलेटर पंखा मंद करताना स्वतः तापत असे. ‘ह्या बटणावर कोणता दिवा आहे?’ हा घरगुती प्रश्न म्हणूनच नियमास धरून आहे, कारण दिव्याची वीज त्या बटणातूनच जाते.

शिवारातील अनुभवाचा दुसरा धडाही येथे उपयोगी पडतो. शेतपंपास ‘ऑटो’ बसविला की लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते. एका डीपीवरील सर्व मोटारींस ऑटो असेल तर सर्व एकाच क्षणी उठतात. आणि मोटार उठताना फिरत्या अवस्थेपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह घेते. वीज कंपनीने ऑटो काढून कपॅसिटर बसविण्याची आवाहने ह्या भारापायीच केली. लहान पंखाही उठताना अधिक प्रवाह मागतो. नियंत्रक घडविणाराने पंखे एकामागून एक, थोड्या अंतराने उठवावेत हे शेतकऱ्यास समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि बोलीकडे नियम तयार पडला आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. ‘पवनचक्की वाऱ्याने फिरते’ येथे ‘ने’ बळ दाखवितो. ‘पंखा तीनवर ठेव’ येथे ‘वर’ आधाराचा नसून खुणेचा आहे. आणि बाजारात आज ‘रिमोटवर चालणारा पंखा’ सर्रास म्हटला जातो, जेथे रिमोटकडून पंख्यास विजेचा कणही मिळत नाही. ह्या एका प्रयोगाने वरील भेद जवळजवळ मोडतो. म्हणून पाठ्यपुस्तकाने बोलीचा केवळ उतारा न करता तिच्यातील हा भेद संकेत म्हणून पत्करावा आणि कटाक्षाने पाळावा.

हिरव्या तारेचा प्रश्न मात्र ह्याने सुटत नाही. ती प्रत्येक फेऱ्यास दोन स्पंद परत पाठविते. मिनिटास १२०० फेरे असतील तर सेकंदास ४०. निळ्या तारा सहा पंख्यांच्या एकत्र बांधता येतात. हिरव्या बांधल्या तर स्पंद एकमेकांत मिसळून फेऱ्यांची मोजणी निरर्थक होते. हुकूम सर्वांस एक चालतो, जबाब प्रत्येकाचा निराळा घ्यावा लागतो. ‘जोडणे’ ह्या क्रियापदात हाही भेद नाही, आणि त्यासाठी ‘वर’ किंवा ‘ने’ ह्यांपैकी कोणीच उपयोगी पडत नाही.