‘शिकण्याची शैली’ : एका लोकप्रिय मताची तपासणी

धर्मशिक्षकांसाठी भरलेल्या एका शिबिरास प्रस्तुत लेखक उपस्थित होता. पहिल्याच सत्रात प्रत्येकाकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली, आणि उत्तरांची बेरीज करून कोणी डोळ्यांनी शिकणारे, कोणी कानांनी, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हातांनी शिकणारे, असे चार गट पाडण्यात आले. खेड्यातून आलेल्या एक धर्मशिक्षिका कानांच्या गटात गेल्या. त्यांचे वाचन अडखळत होते, हे सर्वांस ठाऊक होते. पुढील तीन दिवसांत त्यांना शास्त्रपाठ वाचावयास कोणी सांगितले नाही. हे मत तपासून पाहावे, असे लेखकास तेव्हापासून वाटू लागले.

ही चार गटांची मांडणी न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांची. कॉलीन मिल्स यांच्यासमवेत त्यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १९८४ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड कोल्ब यांनी अनुभव, चिंतन, विचार आणि प्रयोग यांच्या चक्रावरून वेगळेच चार प्रकार सांगितले होते. २००४ मध्ये इंग्लंडमधील फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणती केली, तेव्हा अशा मांडण्या ७१ भरल्या. मनुष्याच्या मनाची इतकी परस्परांशी न जुळणारी वर्गीकरणे निघावीत, हेच शंकेस पुरेसे कारण आहे. तथापि शंका म्हणजे खंडन नव्हे.

या मताचे आकर्षण मात्र समजण्याजोगे आहे. कोणतेही लेकरू मंद नाही, आपली पद्धतच चुकली, असे ते शिक्षकास सांगते. त्यातील दयाबुद्धी आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो सत्याचा.

हॅरल्ड पॅश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या मताला कोणता पुरावा लागेल, हे नेमके सांगितले. ‘कानांचे’ आणि ‘डोळ्यांचे’ असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन वर्गांत वाटावेत, एका वर्गास ऐकवावे, दुसऱ्यास दाखवावे, आणि शेवटी सर्वांची परीक्षा एकच घ्यावी. कानांचे विद्यार्थी ऐकून आणि डोळ्यांचे पाहून सरस ठरले, तरच मत सिद्ध. अशा रीतीने केलेले प्रयोग त्यांना फारच थोडे आढळले, आणि त्यांतील कित्येकांचा निष्कर्ष मताच्या विरुद्ध होता. २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की व सहकाऱ्यांनी प्रौढांना एकाच पुस्तकातील भाग कोणास ऐकावयास, कोणास वाचावयास दिले. ज्याची जी आवड, त्याप्रमाणे त्याचे आकलन वाढले, असे दिसले नाही.

आवड असते, हे कोणीच नाकारीत नाही. पण आवडणे आणि अंगी मुरणे यांत अंतर आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांच्या स्मरणात ४२ टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. आणि आपल्याला अधिक आठवेल असा भरवसा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता! आमच्या जुन्या प्रश्नोत्तरीची येथे आठवण होते. तीत गुण होता तो प्रश्न विचारून उत्तर आठवावयास लावण्याचा. शिक्षकाच्या पाठोपाठ एका सुरात घोकण्याचा नव्हे. दुर्दैवाने आम्ही बहुधा दुसरेच केले.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता, तोही मोठ्याने, कारण फिलिप्पाने ते ऐकले. डोळे आणि कान दोन्ही कामास लागलेले होते, तरी अर्थ लागत नव्हता. उणीव होती ती पूर्वज्ञानाची. संदेष्टा कोणाविषयी बोलतो, हे त्यास ठाऊक नव्हते. आणि फिलिप्पाने त्याच लेखापासून आरंभ केला. शिकणाऱ्याला आधी काय ठाऊक आहे, या चौकशीला ती प्रश्नावली शिवतही नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण आवडीच्या बाजूने कोणी पुढे करील. रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी साष्टीतील एक नवख्रिस्ती प्रश्नोत्तरीखेरीज आणखी काही वाचावयास मागतो, आणि गुरू त्यास ओवीबद्ध पुराण देतात. परंतु ही एकेका मनाची ठेवण नव्हे. संपूर्ण समाजाच्या कानांवर पिढ्यान् पिढ्या बसलेला तो साहित्यप्रकार होता, आणि ओवी सर्वांकरिता होती. शिवाय स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तरी टाकून दिली नाही. मुलांसाठी संवादरूपाने रचलेली त्यांची कोकणी ‘दौत्रीन’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये तेथेच छापली गेली.

विषयाप्रमाणे पद्धत बदलावी, हे रास्तच आहे. पौलाचे प्रवास नकाशावर दाखवावेत, स्तोत्र गाऊन शिकवावे, आणि तेही सर्वांना. अंध वा बहिऱ्या माणसाची गरज ही गरज आहे. ती शैलीच्या सदरात घालणे हा त्याच्यावर अन्याय होय. आणि ज्यास वाचता येत नाही, त्यास वाचावयास शिकविलेच पाहिजे.

शिबिराच्या अखेरच्या दिवशी त्या भगिनींनी ऐकलेला उधळ्या पुत्राचा दृष्टांत एकही प्रसंग न गाळता सांगितला. लेखकाने त्यांस म्हटले, “बाई, हाच अध्याय आता संध्याकाळी थोडा थोडा वाचावयास घ्याल का?” त्यांनी पिशवीतून ती प्रश्नावली काढून पुढे केली आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझं शिकणं कानांचं आहे. इथं लिहून दिलंय ना.”