मैफिलीतली वही : चित्र नेमकं कशाचं?



आजचा विषय तसा लहान वाटेल. मैफल चालू असताना श्रोत्यांत बसून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची रेखाचित्रं काढणारी माणसं आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. तिथल्या भारतीय बैठकीत असा एखादा माणूस हमखास दिसतो. मांडीवर वही, हातात पेन्सिल, नजर एकदा मंचावर नि एकदा कागदावर. शेजारचा मान वाकवून बघतो आणि म्हणतो, "वा, हुबेहूब!" आम्हाला आज या 'हुबेहूब' शब्दाशीच थोडं भांडायचं आहे.

प्रश्न असा, की हे चित्र कशाचं? गायकाचं म्हणावं, तर गायक घरी बसवून जास्त चांगला काढता येतो. गाण्याचं म्हणावं, तर गाणं दिसतच नाही. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाट बघावी लागणार नाही. चांगलं मैफलचित्र हे ऐकण्याचं चित्र असतं, आणि त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हायला हवी. आता हे सिद्ध करायला हवं, कारण नुसतं ऐकायला बरं वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही.

पहिली अडचण जर्मन विचारवंत लेसिंगने १७६६ साली 'लाओकून' या ग्रंथात मांडली. चित्र आणि शिल्प या अवकाशातल्या कला, काव्य ही काळातली कला. चित्रकाराला एकच क्षण मिळतो, म्हणून त्याने असा क्षण निवडावा की त्यातून मागचं-पुढचं सुचेल. लेसिंगसमोर कथा होती. कथेत असा क्षण सापडतो. संगीतात तो शोधायचा कुठे? यमनमधला एक क्षण उचलला तर हाती एक स्वर येतो, यमन येत नाही. तेव्हा गाण्याचं चित्र काढणं हे लेसिंगच्या हिशेबात जवळजवळ अशक्य.

या अडचणीतून निघायच्या दोन वाटा पूर्वीच्या लोकांनी काढल्या. एक व्यक्तिचित्राची. व्हायोलिनवादक पागानिनीची दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. अँग्र याने १८१९ मध्ये रोमला त्याचं पेन्सिलचित्र काढलं. व्हायोलिन काखेत, कपडे नीटनेटके, नजर समोर. अँग्र स्वतः व्हायोलिन वाजवणारा, तरुणपणी तुलूझच्या वाद्यवृंदात बसलेला. तरीही त्याच्या चित्रातला पागानिनी वाजवत नाही. तो चित्रासाठी उभा आहे. पुढे १८३१ मध्ये पागानिनी पॅरिसला आला, त्याच साली देलाक्रवाने त्याला रंगवलं. चित्र लहानसंच. काळोखात काळे कपडे, उजेड फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर, सगळं अंग वाद्याभोवती वाकलेलं. हुबेहूबपणात अँग्र पुढे, यात वाद नाही. पण संगीत ज्याच्या अंगात शिरलंय तो माणूस देलाक्रवाकडे आहे. ते काही मैफिलीत बसून काढलेलं रेखाटन नव्हे, रंगचित्र आहे. तरीही ऐकल्यावर डोळ्यांत काय उरतं हे ते सांगतं.

दुसरी वाट आपली, रागमालांची. इथे चित्रकार गवयाकडे बघतच नाही, रागाकडे बघतो. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं. दख्खनच्या सुलतानांच्या आश्रयाने अशी अप्रतिम चित्रं झाली. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा तर इतका संगीतवेडा, की त्याने आपल्या तंबुरीला 'मोतीखान' असं नाव दिलं होतं. पण रागमालेतली तोडी कोणी, कुठे, कशी गायली याचा त्या चित्राशी संबंध नाही. ती बघायला मैफिलीत जावं लागत नाही. म्हणजे एका वाटेवर माणूस मिळतो, दुसरीवर राग मिळतो, आणि आपल्याला हवी असलेली मैफल दोन्हीकडून निसटते.

आता जरा शरीराकडे येऊ. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. त्यातले काही ऐका. तोंड भयंकर वासून गातो तो 'कराली'. उंटासारखी मान उंचावतो तो 'करभ'. कपाळाच्या, मानेच्या शिरा फुगवतो तो 'झोंबक'. गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो 'तुंबकी'. मान वाकडी करतो तो 'वक्री'. हातपाय पसरतो तो 'प्रसारी'. आणि डोळे मिटून गातो तो 'निमीलक'. (हशा) तुम्ही हसलात, कारण डोळ्यांसमोर कोण कोण आलं ते आम्हाला ठाऊक आहे. किशोरीताई डोळे मिटून स्वरमंडळ छेडत असत. भीमसेनजींचे हात आणि मान तानेबरोबर कुठल्या कुठे जात. शार्ङ्गदेवाने दोघांच्याही वहीत लाल शेरा मारला असता.

गंमत अशी, की शास्त्रकाराची ही दोषांची यादी म्हणजे चित्रकाराचं भांडवल आहे. आणि हे निव्वळ हावभाव नाहीत. मॅथ्यू राहाइम या अभ्यासकाने २०१२ मध्ये हिंदुस्थानी गायकांच्या हातवाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. गायकाचा हात स्वराकृतीबरोबर चालतो, आणि ही चाल गुरूकडून शिष्याकडे कुणी मुद्दाम न शिकवताही उतरते, असा त्याचा विचार. आपल्या जुन्या श्रोत्यांना हे पुस्तकाशिवायही माहीत होतं. तरुण गवयाने मींड घेताना हात कसा ओढला हे बघून ते त्याची तालीम ओळखत. म्हणजे गाणं अगदीच अदृश्य नाही. ते देहात थोडं दिसतं.

पण दिसलं तरी क्षणात जातं, मग लेसिंगचं काय करायचं? इथे आपल्या ख्यालाची रचनाच मदतीला येते, आणि आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटाहूनही लांबतं. अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालात तीस-पस्तीस वेळा सम येते. दर वेळी मुखडा परत येतो, आणि मुखड्याबरोबर देहही बऱ्याच अंशी परत येतो. तोच खांदा वर, तीच बोटं उलगडलेली, तबलजीकडे तीच नजर. चित्रकाराला पहिल्या समेला हात सापडत नाही, तिसरीला कोपर सापडतं, सातवीला मान. त्याची रेघ अशा दहा-बारा परतींची मिळून होते. लेसिंगने चित्रकाराला एक क्षण दिला होता. ख्याल त्याला तोच क्षण पुनःपुन्हा, थोडा बदलून देतो. कागदावर उतरतं ते त्या गायकाचं समेवर येणं.

आता नेहमीचा आक्षेप घ्या. लोक म्हणतात, चित्र काढत बसलेला माणूस गाणं काय ऐकणार? आमचं उत्तर असं, की न ऐकणाऱ्याला चित्र काढताच येणार नाही. सम चार मात्रांवर आली आहे हे ज्याच्या कानाला कळतं, त्याचीच पेन्सिल त्या उचलणाऱ्या हाताची वाट बघत थांबते. ज्याला कळत नाही तो हात उठल्यावर दचकतो आणि मग आठवणीवर रेघ ओढतो. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवायला शिकायला जातो. ऋषी म्हणतात, आधी चित्र शिक. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गीत शिक. सगळ्याच्या बुडाशी गाणं. पोथीतला हा क्रम मैफिलीतल्या वहीइतका दुसरीकडे कुठे खरा ठरत असेल असं वाटत नाही.

परदेशातही हेच दिसतं. मिलाइन कॉस्मन ही १९२१ साली जर्मनीत जन्मलेली, १९३९ मध्ये इंग्लंडला आलेली चित्रकार. वादक आणि संगीतरचनाकार काढण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि तिची शेकडो रेखाटनं आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहेत. संगीतसमीक्षक हान्स केलर हा तिचा नवरा. दोघांचं स्ट्राव्हिन्स्कीच्या तालमीवरचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. तालीम, हे लक्षात घ्या. तालमीत रचनाकार थांबवतो, तेच चार घास पुन्हा वाजवून घेतो, हात पुन्हा तसाच उठतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जी परत तालमीत मिळते, ती आपल्याकडे प्रत्यक्ष मैफिलीतच मिळते.

एवढं मान्य केलं तर परीक्षा कशी करायची ते ठरतं. आजकाल अशी चित्रं पुष्कळ दिसतात, प्रदर्शनंही भरतात, आणि कौतुकापलीकडे त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही तीन गोष्टी बघतो.

पहिली, चेहरा तळहाताने झाका. उरलेल्या चित्रावरून गायक ओळखू येतो का? लय विलंबित होती की द्रुत, याचा अंदाज येतो का? येत नसेल, तर ते छायाचित्रावरूनही काढता आलं असतं. पुष्कळ चित्रं खरोखरच तशी असतात. मैफिलीत दोन रेघा आणि घरी जाऊन मोबाइलवरच्या फोटोवरून बाकी सगळं. चेहरा घोटीव, आणि हात मात्र कुणाचाही.

दुसरी, तंबोऱ्यावर कोण बसलंय? बहुतेक चित्रांत गायकामागे दोन उभ्या दांड्या असतात आणि त्या धरणारं कुणीच नसतं. साथीचा तबलजी म्हणजे एक गोल आणि एक अर्धगोल. पण मैफल ऐकणाऱ्याला तंबोरा आधी ऐकू येतो. ज्याच्या चित्रात तो रिकामा, त्याच्या कानातही तो रिकामा होता असं आम्ही समजतो. हे कठोर वाटेल, पण गायकालाच तेवढं बघण्याची आपली सवय त्या कागदावर उघडी पडते.

तिसरी, सही. कार्यक्रम संपल्यावर चित्रावर कलावंताची सही घ्यायची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही, कलावंतालाही आनंद होतो. पण सही मिळवायची म्हणून चित्र काढलं, की ते गोड होऊ लागतं. शिरा जातात, वाकडी मान सरळ होते. शार्ङ्गदेवाचे सगळे दोष दुरुस्त होतात आणि गाणंही पुसलं जातं. उलट टोकाला थट्टा आहे. डोळे मिटून गाणारा माणूस आपल्याला प्रतिसाद देऊ शकत नाही, तो आपल्या विश्वासावर बसलेला असतो. त्याच्या वासलेल्या तोंडाचं हसं करणं सोपं आहे. तामिळ साप्ताहिक 'आनंद विकटन'मध्ये 'माली' या व्यंगचित्रकाराने कर्नाटक संगीतातल्या विद्वानांची चित्रं काढली. त्यांत अतिशयोक्ती आहे, पण ती गाण्यातून आलेली आहे. त्यामुळे हसू येतं आणि मान राहतो. ही रेघ सांभाळता आली पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मंचासमोर आज शेकडो मोबाइल वर उठलेले दिसतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ऐकणं पुढे ढकललेलं असतं. आत्ता यंत्र ऐकेल, आपण नंतर ऐकू. ते 'नंतर' बहुधा येत नाही. वहीवाल्याला ही सोय नाही. त्याला आत्ताच ऐकावं लागतं, नाहीतर कागद कोरा राहतो. कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेनजी यांचं गाणं उद्या कुणालाही ऐकता येईल, तेवढी ध्वनिमुद्रणं आहेत. पण समोर बसलेल्या माणसाने ते कसं ऐकलं, याचा पुरावा फार थोडा आहे. टाळ्या मुद्रित होतात, लक्ष मुद्रित होत नाही. या वह्यांत ते थोडंफार सापडतं.

म्हणून वह्या बाळगणाऱ्यांना एक विनंती. चित्राखाली तारीख लिहा, गाव लिहा, राग आणि ताल लिहा, तबल्यावर, पेटीवर आणि तंबोऱ्यावर कोण होतं तेही लिहा. फसलेली पानं फाडू नका, कारण सातव्या समेची रेघ कळायला पहिल्या समेची लागते. आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या, मामांच्या अशा वह्या माळ्यावर पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी संगीत जाणणाऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा.

वेळ संपत आली आहे, प्रश्नांसाठीही थोडी ठेवली पाहिजे.